तुमचे यंत्र चालते. शेजारचा रेडिओ चालतो का?

वर्धा जिल्ह्यातील एखाद्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी कोणी ५५५ आयसी वापरून दिव्याचा प्रकाश कमीजास्त करणारे मंडल बनवले, असे समजू. दिवा उत्तम चालतो. पण जवळच्या रेडिओवर आकाशवाणीचे नागपूर केंद्र लावले की शीळ ऐकू येते. मंडलाची एकही तार रेडिओला जोडलेली नाही. मग शीळ कोठून आली?

मंडल सेकंदाला ४५,१०० वेळा चालू-बंद होते, म्हणजे त्याची वारंवारता ४५.१ किलोहर्ट्झ आहे असे धरा. नागपूर केंद्र ५८५ किलोहर्ट्झवर आहे. पण एकदम चढणारी व उतरणारी चौकोनी तरंग एकटी नसते. चालू व बंद काळ सारखे असतील, तर तिच्यात मूळ वारंवारतेच्या ३, ५, ७ अशा विषम पटींच्या तरंगाही असतात. तेरावी पट ५८६.३ किलोहर्ट्झ येते. ती मूळ तरंगेच्या तेराव्या हिश्शाएवढी दुबळी असते. तरी मंडलाच्या लांब तारा एरियलचे काम करतात. ५८६.३ आणि ५८५ यांतील १.३ किलोहर्ट्झचा फरक, तीच आपली शीळ!

उपकरणाने दुसऱ्याला त्रास देऊ नये आणि दुसऱ्याच्या त्रासाने स्वतः बिघडू नये, या गुणाला विद्युतचुंबकीय सुसंगतता म्हणतात. बाजारात येणाऱ्या उपकरणांची ही चाचणी मुंबईच्या ‘समीर’सारख्या संस्थांत होते. तेथील खास खोलीच्या भिंती रेडिओलहरी शोषून घेतात. आंतरराष्ट्रीय मानकानुसार घरगुती संगणकासारख्या उपकरणाचे क्षेत्र १० मीटरवर, ३० ते २३० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात, दर मीटरला सुमारे ३२ मायक्रोव्होल्टच्या वर जाता कामा नये. उलट त्याने बाहेरचे दर मीटरला ३ व्होल्टचे क्षेत्र सोसले पाहिजे. म्हणजे सुमारे एक लाख पट! स्वतः कुजबुजायचे, पण दुसऱ्याचा आरडाओरडा सहन करायचा, असा हा नियम.

एवढी काटेकोरी का? जुन्नर तालुक्यात खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. तिला दूरच्या दीर्घिकांचे अतिक्षीण संदेश टिपायचे असतात. मानवनिर्मित रेडिओ गोंगाट कमी, हे ती जागा निवडण्याचे एक कारण होते. गोंगाट वाढला तर ते संदेश त्यातच बुडतील.

करून पाहा
मंडल बॅटरीवरच चालवा. घरातील विजेला जोडू नका.
१. मंडल सुरू करून जवळच मध्यम लहरींचा रेडिओ लावा. शीळ सापडेपर्यंत काटा फिरवा.
२. रेडिओ दूर नेत शीळ कोठे थांबते ते अंतर मोजा. रेडिओची दिशा बदलू नका. त्याचे आतील एरियल दिशेनुसार कमीजास्त ग्रहण करते.
३. आता एका वेळी एकच बदल करा: तारा आखूड करून जोडीजोडीने पिळा; आयसीच्या पुरवठ्याच्या दोन पायांमध्ये अगदी जवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडा. मंडल पत्र्याच्या डब्यात ठेवून डबा बॅटरीच्या ऋण टोकाला जोडा. उघड्या जोडण्या डब्याला टेकू देऊ नका.
४. प्रत्येक वेळी अंतर पुन्हा मोजून तक्ता करा.

ही प्रयोगशाळेतील मोजणी नव्हे; पण कोणता उपाय किती उपयोगी, हे तक्ता नक्की सांगेल. तो प्रदर्शनात मंडलाशेजारीच लावा.

प्रश्न : मंडलाची वारंवारता ४५.२ किलोहर्ट्झ झाली, तर शीळ किती किलोहर्ट्झची होईल?