गालावरचा न जाणारा चट्टा

ताईंनो, गालावर चट्टा उठला की आपण नायटा समजून मेडिकलमधून ट्यूब आणतो. मुलाच्या गालावर फिकट डाग दिसला, तर "पोटात जंत झालेत" म्हणून मोकळ्या होतो. बरेचदा असतंही साधंच काहीतरी. पण जो चट्टा खाजत नाही, दुखत नाही आणि महिना-दोन महिने झाले तरी हटत नाही, तो कुष्ठरोगाचा किंवा चामडीच्या टीबीचा असू शकतो. दोन्ही आजार जिवाणूंमुळे होतात.

कुष्ठरोगाचा चट्टा फिकट किंवा लालसर असतो, कोडासारखा दुधाळ पांढरा नसतो. त्यावर स्पर्श कळत नाही, हे आपण ऐकलेलं असतं. चेहऱ्यावर मात्र इथेच फसगत होते. चेहऱ्यात नसांचं जाळं दाट असतं, त्यामुळे चट्ट्यावर कापूस फिरवलेला कळतोही. "कळतंय ना, मग तो नाही" असं घरच्या घरी ठरवू नका. काहींना ठळक चट्टा दिसतच नाही. कानाच्या पाळ्या जाड होतात, चेहरा चकाकतो, भुवया विरळ होतात. लोक म्हणतात, तब्येत सुधारली! आणि डोळा नीट मिटत नसेल तर एक दिवसही थांबू नका, नजर जाऊ शकते.

टीबीचा चट्टा तांबूस-तपकिरी. कडेने हळूहळू पसरतो, मागे वण राहतो. वर्षानुवर्षे तसाच ठेवला तर नाक-कानही झडतात. तो नुसता बघून नक्की सांगता येत नाही. डॉक्टर जागा बधिर करून छोटा तुकडा तपासायला पाठवतात.

आता त्या ट्यूबबद्दल. तिच्यावर बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल छापलेलं असेल, तर ते स्टेरॉइड आहे. लाली उतरते, बरं वाटतं, पण आजार आत तसाच राहतो आणि डॉक्टरांनाही ओळखू येत नाही. दवाखान्यात जाताना ती ट्यूब सोबत न्या.

सोयरिक मोडेल म्हणून लग्नाच्या मुलीचा चट्टा लपवला जातो, आणि तेवढ्यात नस कायमची जाते. गोळ्या कुष्ठरोगाला 6 किंवा 12 महिने, टीबीला बहुधा 6 महिने. सरकारी दवाखान्यात त्या मोफत मिळतात, गटातून कर्ज काढायला नको. कुष्ठरोगात गोळ्या सुरू झाल्या की लवकरच लागण थांबते; ताट-वाटी वेगळी कशाला?

गोळ्यांनी लघवी लालसर होते, घाबरू नका. कुष्ठरोगाचा चट्टा मधेच लाल होऊन सुजला किंवा नस दुखू लागली, तर गोळ्या बंद न करता त्याच दिवशी दवाखाना गाठा.