गटाचा माणूस आणि कामाचा माणूस



कारखान्याची निवडणूक लागली की आपला पहिला प्रश्न ठरलेला : आमच्या गटाला कोण? त्यात वावगं काही नाही. टोळी आली नाही, ऊस फडात वाळायला लागला, तर रात्री कुणाचं दार वाजवायचं हे ठाऊक पाहिजेच. पण असे गटागटांतून आलेले संचालक एकत्र बसले, की त्यांत ताळेबंद वाचणारा कोण, हे आपण सहसा विचारत नाही.

हिशेबच करून बघा. पाच लाख टन गाळपाला साखर उतारा नुसता ०.१ टक्क्यानं घसरला, तर ५,००० क्विंटल साखर हातची जाते. २०१९ साली ठरलेला क्विंटलला ३,१०० रुपये हा किमान विक्री दर धरला, तरी दीड कोटीच्या वर रक्कम झाली. ती बगॅसमधून गेली, मळीतून गेली की शिळ्या उसानं गेली? हे खोदून विचारणारा मंडळात कुणी नसेल, तर अधिकारी सांगतील ते उत्तर आणि वरून चहा! बँकेच्या मालतारण कर्जाचंही तेच. त्यात अपुरा दुरावा निघाला की आपली बिलं अडकतात; १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातले चौदा दिवस कागदावरच राहतात.

सहकार कायद्यात २०१३ साली दुरुस्ती झाली, तीत संचालकांची कमाल संख्या २१ ठरली आणि त्याशिवाय तज्ज्ञ संचालक घेण्याची सोय झाली. सोय चांगली, पण पॅनेलमध्ये ज्याचं नाव हुकलं त्याची समजूत काढायला ती वापरली, तर उपयोग काय? आधी मंडळात कशाची उणीव आहे ते पाहावं, हिशेबाची, यंत्राची की डिस्टिलरीची, आणि मग माणूस शोधावा.

हे काही नवं नाही. लोणीच्या प्रवरा कारखान्याचं पहिलं गाळप १९५० साली सुरू झालं. गावोगाव हिंडून शेतकऱ्यांचे भाग गोळा करण्यात पुढे होते विठ्ठलराव विखे पाटील. पण अध्यक्षपदी बसवले अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळांना, आणि विखे पाटील स्वतः उपाध्यक्ष झाले. गावचा माणूस अन् हिशेबाचा माणूस शेजारी-शेजारी बसले.

यंदा वार्षिक सभेची नोटीस आली की अहवाल गुंडाळून ठेवू नका. तज्ज्ञ संचालक कोण, कोणत्या विषयाचे, किती बैठकांना हजर होते, हे प्रश्न मुदतीत लेखी द्या आणि पोच घ्या.