कारकुनाची वीस वर्षे

मुलांनो, शहागंजच्या घड्याळाच्या मनोऱ्याजवळून तुम्ही अनेकदा जाता. सन 1948 पर्यंत आपले हे शहर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. कचेऱ्यांचा कारभार उर्दूत चाले. पगार 'हाली' रुपयांत मिळे. सात हाली रुपये म्हणजे सहा भारतीय रुपये, असा हिशेब होता.

त्या काळातील एक कारकून डोळ्यांसमोर आणा. 1928 साली तो नोकरीला लागला. वीस वर्षे त्याने मिसली लिहिल्या, अर्जांची नोंद ठेवली. 17 सप्टेंबर 1948 रोजी निजामाची सत्ता संपली व हैदराबाद भारतात आले. त्या रात्री घरात एकच प्रश्न असेल, "नोकरी राहील का? आणि पेन्शनचे काय?"

सत्ता बदलते तेथे हा प्रश्न येतोच. 1947 साली इंग्रज जाणार हे ठरले, तेव्हा त्यांच्या अधिकाऱ्यांनीही तो विचारला. त्यांची नोकरी मुदतीपूर्वीच संपणार होती. म्हणून 30 एप्रिल 1947 रोजी त्यांच्यासाठी भरपाई जाहीर झाली. सेवेत राहणाऱ्या भारतीय अधिकाऱ्यांना मात्र भरपाई नव्हती. त्यांना पगार, रजा व निवृत्तिवेतन यांची हमी मिळाली. पुढे काही सभासदांनी संविधान सभेत या हमीला विरोध केला, तेव्हा सरदार पटेलांनी दिलेला शब्द पाळण्याचा आग्रह धरला.

म्हणजे रीत अशी झाली : ज्याची नोकरी संपते त्याला भरपाई आणि जो राहतो त्याच्या हक्कांचे रक्षण.

हैदराबादेत सर्वांनाच असा न्याय मिळाला नाही. बाहेरच्या प्रांतांतून अधिकारी आले. काही स्थानिक नोकरांच्या नोकऱ्या गेल्या आणि त्यांच्या घरांवर वाईट दिवस आले. जे राहिले त्यांना आणखी एक बदल पाहावा लागला. 1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात आले आणि हैदराबादचे अनेक नोकर मुंबई राज्याचे नोकर झाले.

या वेळी मात्र कायदा पाठीशी होता. राज्य पुनर्रचना कायद्याच्या 115 व्या कलमाने ठरवले, की केंद्र सरकारच्या पूर्वमंजुरीवाचून अशा नोकरांच्या सेवेच्या अटी त्यांचे नुकसान होईल अशा रीतीने बदलू नयेत.

तरी अडचण आलीच. तहसीलदारांना बढती देताना प्रत्येक विभागाची ज्येष्ठता वेगळी धरली जाई. त्यामुळे दुसऱ्या विभागातील कनिष्ठ माणूस आधी डेप्युटी कलेक्टर होई. हैदराबादच्या सेवेतून आलेले काही तहसीलदार सर्वोच्च न्यायालयात गेले. 1973 साली न्यायालयाने हा नियम समानतेविरुद्ध ठरवला. परंतु बढतीची संधी कमी होणे म्हणजे सेवेची अट बदलणे नव्हे, असेही सांगितले.

1964 च्या कायद्याने मराठी राज्याची राजभाषा झाली. उर्दूत शिकलेल्यांना मराठी लिहिणे भाग पडले. पण अर्ज, हुकूम, तहसील, दफ्तर हे शब्द दोन्ही भाषांत होतेच. तुम्हीही आज मराठी शिकताना या ओळखीच्या शब्दांचा आधार घेता.

मुलांनो, झेंडा एका दिवसात बदलतो. माणसाने केलेली वीस वर्षांची चाकरी पुसली जात नाही. ती मोजणे हे नव्या सरकारचे कर्तव्य असते.

शब्दार्थ
मिसल – एका प्रकरणाचे सर्व कागद
भरपाई – मुआवजा
हमी – जिम्मेदारी, खात्री
ज्येष्ठता – नोकरीतील वडीलपणा
बढती – तरक्की

स्वाध्याय
1. इंग्रज अधिकाऱ्यांना भरपाई का जाहीर झाली?
2. 115 व्या कलमाने नोकरांना कोणते संरक्षण दिले?
3. तहसीलदार न्यायालयात का गेले?
4. मराठीत व उर्दूत सारखे असलेले कचेरीतील पाच शब्द लिहा.