काच धुणारा पंप बंद पडलाय? नवीन घेण्याआधी आवाज ऐका



आज पिकाचा नाही, गाडीचा मेसेज आहे. टोमॅटोचे तोडे जोरात आहेत आणि आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या जुन्या गाड्या रात्री माळशेज उतरून कल्याणला जातात. पाऊस तोंडावर आलाय. म्हणून हा मेसेज पूर्ण वाचा, आणि गाडी दुसरं कुणी चालवत असेल तर त्यालाही पाठवा.

गेल्या आठवड्यात आपल्या संकलन केंद्राची जुनी गाडी कॅरेट भरून निघाली. घाटात वळवाची भुरभुर लागली. पुढच्या ट्रकच्या चाकांनी चिखल उडवला, ड्रायव्हरने वायपर लावला आणि तो चिखल सगळ्या काचेवर सारवल्यासारखा पसरला. पाण्याचं बटण दाबलं तर पाणीच नाही. समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे काचेवर नुसते पांढरे फाकलेले, वळण कुठंय ते दिसेना. खिडकीतून डोकं बाहेर काढून त्याने गाडी कशीबशी रुंद जागेला घेतली आणि प्यायच्या पाण्याने काच धुतली. माल उशिरा पोहोचला, बाकी सगळं नीट.

जोराच्या पावसात काच आपोआप धुतली जाते. खरी अडचण भुरभुरीत होते. धुळीचा चिखल होण्यापुरतं पाणी असतं, तो वाहून जाण्यापुरतं नसतं. तेव्हा नुसता वायपर लावणं म्हणजे स्वतःच्या डोळ्यांवर पट्टी बांधणं.

परत आल्यावर गॅरेजमध्ये सांगितलं, "पंप गेला, नवीन टाका." आम्ही आधी खोलून बघितलं. पंप चांगला होता, कनेक्टरमध्ये हिरवा गंज चढला होता. पॉलिश पेपरने घासला, काम झालं. म्हणून सांगतो, आधी तपासा.

*पहिलं काम: कान लावा.* हॅंडब्रेक लावा, इंजिन बंद, चावी ऑनवर. एकाने केबिनमध्ये बसून बटण दाबायचं, दुसऱ्याने पाण्याच्या टाकीजवळ कान द्यायचा. टाकी बोनेटखाली नाहीतर केबिनच्या पुढच्या पत्र्याआड असते आणि पंप तिच्या तळाशी रबरी बुशात खोचलेला असतो. मोटरची घरघर येते का? पुढचं सगळं यावर अवलंबून आहे.

*घरघर येते, पाणी नाही.* म्हणजे करंट पोहोचतोय, मोटर फिरतेय, अडलंय ते पाणी. टाकीत पाणी आहे का हे आधी बघा (हसू नका, हे आमच्याकडेही झालंय). मग पंपाची नळी काढून बटण दाबा. तिथे जोरात धार आली तर पंप ठीक, पुढे नळी फुटलीय किंवा नोझल चोक आहे. जुन्या गाडीत नळी उष्णतेने कडक होऊन सांध्याजवळ चिरते. चिरलेलं टोक कापून परत बसवा, नाहीतर स्पेअरच्या दुकानातून नवीन रबरी नळी आणा. ड्रिपची मायक्रोट्यूब जोडू नका, ती कडक असते, सांध्यावर निसटते.

नोझलचं दुखणं आपल्याला ड्रिपमुळे माहीत आहेच. बोअरच्या पाण्यातल्या क्षाराने ड्रिपर बुजतो, तसंच हे भोक बुजतं. बारीक टाचणीने हलक्या हाताने मोकळं करा. तरी नाही झालं तर नोझल काढून अर्धा तास व्हिनेगरमध्ये किंवा लिंबूसत्वाच्या पाण्यात ठेवा आणि स्वच्छ धुवा. ड्रिपला सोडतो ते ॲसिड इथे अजिबात नको, रंग, रबर आणि पत्रा तिन्ही खाईल.

पंपाच्या तोंडाशीच धार नसेल तर टाकी रिकामी करून पंप ओढून काढा. बुशाजवळ छोटी जाळी असते, ती शेवाळ आणि गाळाने भरलेली सापडेल. टाकीही आतून खळखळून धुवा, नाहीतर आठ दिवसांत पुन्हा तेच.

*आवाजच नाही.* आधी फ्यूज बघा. उडाला असेल तर झाकणावर जेवढा आकडा लिहिलाय तेवढ्याच ॲंपिअरचा टाका. तांब्याची तार गुंडाळू नका, वायरिंग जळून गाडी पेटते. नवा फ्यूजही लगेच उडाला तर कुठेतरी वायर शॉर्ट आहे नाहीतर मोटर जाम आहे, तिथे वायरमनला दाखवा.

फ्यूज ठीक असेल तर पंपाचा कनेक्टर काढा. हिरवा-पांढरा गंज दिसला तर चावी बंद करून घासा. मग टेस्ट लॅम्प लावा. गाडीला एकच बॅटरी असेल तर बहुतेक 12 व्होल्ट, दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतील तर 24 व्होल्ट, बल्ब त्याप्रमाणे घ्या. चावी ऑन करून बटण दाबलेलं असताना कनेक्टरच्या दोन टोकांत बल्ब लागला, तर करंट येतोय आणि मोटर गेलीय. नाही लागला, तर बल्बचं एक टोक चेसिसच्या स्वच्छ लोखंडाला धरा आणि दुसरं आळीपाळीने दोन्ही वायरींना लावा. आता लागला तर अर्थ तुटलाय. काही गाड्यांत स्विच अर्थच्या बाजूने असतो, तिथे स्विचही तपासा. अजूनही नाही लागला तर दोष स्विचमध्ये किंवा मधल्या वायरीत.

मोटरची शेवटची परीक्षा घरच्या घरी होते. फवारणीच्या बॅटरी पंपाची 12 व्होल्टची बॅटरी आणा आणि काढलेल्या मोटरला दोन-तीन सेकंद थेट जोडा. (24 व्होल्टची मोटर यावर हळू फिरेल, पण फिरेल.) फिरली नाही तर डिस्मिसच्या मुठीने हलकं ठोका. ठोकल्यावर चालली तरी विश्वास ठेवू नका, आतले ब्रश संपत आलेत. घाटातच बंद पडेल.

नवीन घ्यायला जाताना जुना पंप हातात घेऊन जा. व्होल्ट, बुशात जाणाऱ्या तोंडाची जाडी आणि नळीचं तोंड हे तिन्ही जुळलं पाहिजे. बुश कडक झाला असेल तर तोही बदला, साबणाचं पाणी लावलं की पंप सहज बसतो. वायरी उलट्या जोडल्या तर मोटर फिरते पण धार मरतुकडी येते, म्हणून प्लस-मायनस बघा. टाकी भरल्यावरच बटण दाबा, हे पंप कोरडे फिरवले की लवकर जातात.

पाणी आरओचं किंवा गाळलेलं वापरा. वॉशिंग पावडर टाकू नका, फेस होतो आणि थर बसतो. काचेवर डिझेल-रॉकेलचा बोळा फिरवणारेही आहेत, रात्री त्याने दिवे आणखी फाकतात. आणि औषधाच्या रिकाम्या बाटलीने टाकी कधीच भरू नका, फवारा खिडकीतून आत तोंडावर येतो.

धार काचेच्या मधोमध, ड्रायव्हरच्या नजरेच्या थोडी वर पडली पाहिजे. चालत्या गाडीत वारा ती खाली दाबतो. वायपरचं रबर चिरलेलं असेल तर तेही याच वेळी बदला.

कुठे अडलं तर कनेक्टरचा आणि पंपाचा फोटो ग्रुपवर टाका, सोबत गाडीचं मॉडेल आणि घरघर येते की नाही तेवढं लिहा. टेस्ट लॅम्प संकलन केंद्रावर ठेवलाय, सही करून न्या आणि दुसऱ्या दिवशी परत आणा.