बेटावरचे वाणसामान

बाजारात भाव चढले की घरातली बाई आधी काय करते? डब्यांची झाकणे उघडून आत डोकावते. मग गाठीचे पैसे मोजते आणि गप्प बसते. हे आपल्याकडेच होते असे नाही. सातासमुद्रापलीकडच्या एका बेटावरही असेच होते. त्या बेटाची आणि तिथल्या एका घराची ही गोष्ट आहे. घर नमुन्याचे आहे. त्यातले आकडे हिशेब शिकण्यासाठी मांडले आहेत. पण अडचण खरी आहे, आणि तिथले लोक जे उपाय करतात तेच इथे सांगितले आहेत.

बेट कुठे आहे?

बेटाचे नाव त्रिनिदाद. ते कॅरिबियन समुद्रात आहे. दक्षिण अमेरिकेतल्या व्हेनेझुएला देशाचा किनारा तिथून अवघा ११ किलोमीटर आहे. बेट आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यापेक्षा थोडे लहान. शेजारी टोबॅगो नावाचे छोटे बेट आहे. दोन्ही मिळून एक देश होतो. तो ३१ ऑगस्ट १९६२ रोजी स्वतंत्र झाला. देशाची वस्ती सुमारे १४ लाख.

३० मे १८४५ रोजी हिंदुस्थानातल्या मजुरांचे पहिले जहाज या बेटाला लागले. उसाच्या मळ्यांवर काम करायला ही माणसे करारावर नेली होती. १९१७ सालापर्यंत सुमारे १ लाख ४० हजार माणसे अशी गेली. बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश आणि बिहारकडची होती, काही मद्रासकडची. त्यांची नातवंडे-पणतवंडे आता इंग्रजी बोलतात. पण स्वयंपाकघरातली आणि नात्यांची जुनी नावे टिकली आहेत. रोटी, दाल, भाजी, आलू, बैंगन हे शब्द तिथे रोज ऐकू येतात. बापाच्या आईला तर तिथेही 'आजी'च म्हणतात!

दुकानातली उधारी

शगवानस गावाजवळ एक घर होते. घरात सासू, मुलगा, सून आणि दोन मुले. सासऱ्यांची हयात उसाच्या मळ्यात गेली. २००३ साली सरकारी साखर कंपनी बंद झाली. मुलगा बांधकामावर जाई. पगार पंधरवड्याला मिळे.

सासू वाणसामान आणायला जाई. तिला वाचता येत नव्हते. पिशवीवरचे चित्र आणि रंग पाहून ती वस्तू उचली. दुकानदार सांगेल तो भाव. पैसे कमी पडले की उधारी. तिकडे उधारीला 'ट्रस्ट' म्हणतात. ट्रस्ट म्हणजे विश्वास. विश्वास वाढत गेला आणि उधारी ४८० डॉलरवर गेली. (हा त्रिनिदादचा डॉलर. अमेरिकेच्या एका डॉलरला त्रिनिदादचे सुमारे पावणेसात डॉलर पडतात.)

एक दिवस दुकानदार म्हणाला, "आजी, जुनं खातं फेडा. मग नवीन सामान न्या."

सासू रिकामी पिशवी घेऊन घरी आली. सुनेला म्हणाली, "दुलहिन, आज मान खाली गेली गं." तिकडे सुनेला 'दुलहिन' म्हणतात.

सून म्हणाली, "मा, आपण काही उधळपट्टी केली नाही. मग असं का झालं?"

भाव का चढतात?

सुनेने विचारले ते बरोबर होते. चूक सगळी त्यांची नव्हती.

त्रिनिदादमध्ये रोटी रोज लागते, पण गव्हाचे पीक नाही. गहू जहाजाने येतो आणि तिथे दळला जातो. हरभरे, दालीचे वाटाणे, बटाटे, कांदे, लसूण आणि दुधाची भुकटीही बाहेरूनच येते. वस्तूची मूळ किंमत असते. तिच्यात जहाजाचे भाडे मिळते. विमा मिळतो. बंदराचा खर्च मिळतो. काही वस्तूंवर कर बसतो. मग घाऊक व्यापाऱ्याचा नफा आणि शेवटी दुकानदाराचा. एका कडीला धक्का बसला की सारी साखळी हलते.

२०२० साली करोनाची साथ आली. २०२१ मध्ये जहाजांची भाडी भडकली. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशिया आणि युक्रेन यांच्यात मोठे युद्ध पेटले. दोघेही जगाला गहू विकणारे देश. त्या वर्षी त्रिनिदादमध्ये पिठाचा भाव खूप वाढला. तोफा कुठे उडाल्या आणि रोटी कुठे महागली!

आणखी एक कारण आहे. परदेशचा माल घ्यायला अमेरिकेचे डॉलर लागतात. त्रिनिदादला ते मुख्यतः तेल आणि वायू विकून मिळतात. ती मिळकत घटली की व्यापाऱ्यांना डॉलर मिळायला अडचण पडते.

मग तिथे धान्य-भाजी का पिकवत नाहीत? पिकवतात, पण पुरत नाही. पिढ्यान्‌पिढ्या चांगली जमीन उसासाठी आणि कोकोसाठी राबली. तो माल परदेशी जाई आणि खायचे धान्य परदेशातून येई. पुढे तेलाचा पैसा आला. त्यामुळे बाहेरून आणणे सोपे वाटले. त्यातून कारोनी नदीच्या सखल भागात पावसाळ्यात पूर येतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये फार मोठा पूर आला होता.

हे संकट नवे नाही. १९४२ साली महायुद्धात जर्मन पाणबुड्यांनी त्या समुद्रात जहाजे बुडवली. बेटावर अन्नाची टंचाई झाली. 'अधिक अन्न पिकवा' अशी मोहीम निघाली. त्याच काळात आपल्याकडेही तशीच मोहीम होती. जुन्या माणसांना ती आठवत असे.

वही आली

सुनेला लिहिता-वाचता येत होते. तिने मुलाची एक वही घेतली. पंधरा दिवस, जे घरात येईल ते ती लिही. वस्तू, वजन, किंमत. मग एका रात्री ती सासूला घेऊन बसली.

"मा, हा दुधाचा डबा पाहा. पूर्वी आत ४०० ग्रॅम भुकटी होती. आता ३६० ग्रॅम आहे. किंमत तीच, ४० डॉलर."

"पण डबा तर तेवढाच दिसतो!"

"डबा तेवढाच आहे. आतली भुकटी कमी झाली. भाव वाढला, पण तो आपल्याला दिसला नाही."

सासू डबा हातात घेऊन बराच वेळ पाहत राहिली. म्हणाली, "मला आकडे शिकव."

त्या रात्री सासू १ ते ९ शिकली. दुसऱ्या आठवड्यात ती दुकानात वजन वाचू लागली. तिने दोन गोष्टी हेरल्या.

पहिली गोष्ट पिठाची. २ किलोच्या पिशवीला २२ डॉलर, म्हणजे किलोला ११. दहा किलोच्या पिशवीला ९५ डॉलर, म्हणजे किलोला साडेनऊ. मोठी पिशवी स्वस्त. पण मोठी पिशवी घेऊन पिठात किडे झाले तर तीच महाग पडते. म्हणून त्यांनी शेजारणीबरोबर एक पिशवी वाटून घेतली.

दुसरी गोष्ट दालीची. पुडीतली दाल ४०० ग्रॅम, ८ डॉलर. सुटी दाल एक पौंड, तीही ८ डॉलर. तिथल्या बाजारात अजून पौंडाचे माप चालते. एक पौंड म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम. तेव्हा सुटी दाल घेतली, तर त्याच पैशांत ५४ ग्रॅम जास्त मिळते.

वहीत आणखी एक आकडा निघाला. गोड पाण्याच्या बाटल्या आणि पुडीतला खाऊ यांवर पंधरवड्याला १४० डॉलर जात होते. मुलगा चिडला. म्हणाला, "मी दिवसभर उन्हात राबतो. एक गार बाटलीसुद्धा पिऊ नको?"

सासू म्हणाली, "पी ना बाबा. पण रोज नको. रोज मी लिंबाचं सरबत करून देते." असे करून ४० डॉलर ठेवले. १०० डॉलर वाचले.

ताटात काय बदलले?

पीठ महागले म्हणून सुनेने रोज दोन्ही वेळा रोटी करणे सोडले. तिथे कसावा होतो. ज्याच्यापासून साबुदाणा करतात, तोच हा कंद. हिरवी केळी, रताळी आणि नीरफणसही होतो. अळू तर भरपूर. अळूची पाने, भेंडी आणि नारळाचे दूध एकत्र शिजवून तिथे 'कॅललू' करतात. आपल्या अळूच्या फतफत्याचीच ती बहीण.

मात्र गावचे म्हणजे स्वस्त, असे डोळे मिटून धरू नये. कधी कधी गावचा कंद परदेशच्या तांदळापेक्षा महाग असतो. म्हणून हंगाम पाहावा. तिथे जानेवारी ते मे कोरडे दिवस असतात आणि जून ते डिसेंबर पावसाचे. पूर आला की भाजी कडाडते. शेतमालाच्या बाजाराचे काम पाहणारी एक सरकारी संस्था तिथे आहे. ती घाऊक भाव जाहीर करते. सून ते वाचून मगच बाजारात जाई. कसाव्याबद्दल एक लक्षात ठेवा. तो कच्चा खाऊ नये. त्यात विष असते. सोलून, चांगला शिजवूनच खावा.

सासूने परसात माठाची भाजी, भेंडी आणि चवळीच्या शेंगांचे वेल लावले. लांब चवळीला तिकडे 'बोडी' म्हणतात. माठ महिन्याभरात हाती आला. शेंगा दीड-दोन महिन्यांत. पहिली आळी पावसाने वाहून गेली. मग तिने फुटक्या बादल्यांत आणि जुन्या डब्यांत माती भरली. परसाने सारे घर पोसले नाही. पण आठवड्यातून तीन दिवसांची भाजी विकत आणावी लागेना.

दहा बायकांचा सुसू

आपल्याकडे भिशी असते. त्रिनिदादमध्ये तिला 'सुसू' म्हणतात. सुनेने दहा जणींचा सुसू धरला. दर आठवड्याला प्रत्येकीने ५० डॉलर भरायचे. दर आठवड्याला एकीने सगळे ५०० डॉलर उचलायचे. पंधरवड्याला वाचलेले १०० डॉलर इथे कामी आले. सुसूत व्याज नाही, पण कागदही नाही. सारा कारभार विश्वासाचा. म्हणून त्यांनी ओळखीच्याच बायका घेतल्या आणि भरलेले पैसे दर वेळी वहीत मांडले.

चौथ्या आठवड्यात सुनेची पाळी आली. तिने ४८० डॉलर दुकानदाराला दिले. खाते कोरे झाले. उरलेल्या २० डॉलरचे तिने बियाणे घेतले.

वहीत न लिहिलेली गोष्ट

सगळे ठीक चालले होते. पण सासूची नजर बारीक. एक रात्री सगळ्यांची जेवणे झाली. सून भांडी आवरू लागली.

"दुलहिन, तू जेवलीस?"

"मला भूक नाही, मा."

"काल पण भूक नव्हती. परवा पण नव्हती." सासूने वही उघडली. "तू यात सगळं लिहिलंस. पीठ लिहिलंस, दाल लिहिलीस. तुझं ताट कुठं लिहिलंस?"

सून काही बोलली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आले. भाव चढल्यापासून ती एक वेळ जेवत होती. वहीतली शिल्लक थोडी तिच्या पोटातूनही आली होती.

सासू म्हणाली, "ही बचत नव्हे. तू आजारी पडलीस तर डॉक्टरला काय देणार? आणि या घराचं काय होणार?" दुसऱ्या दिवसापासून त्या घरात नियम झाला. सगळ्यांची ताटे एकदम वाढायची. जे असेल ते सारखे वाटायचे.

एका घराने काय होते?

वहीने जहाजाचे भाडे कमी होत नाही. परसबागेने युद्ध थांबत नाही. घरात कितीही काटकसर केली तरी तिला सीमा असते. शेतीला जमीन, पुराच्या पाण्याला वाट, करांचा विचार ही कामे सरकारची. तिथल्या शेजारी देशांच्या संघाने बाहेरून येणारे अन्न २०२५ सालापर्यंत पाव हिश्शाने कमी करायचे ठरवले होते. ते वेळेत जमले नाही. मुदत २०३० पर्यंत वाढवली. अशा गोष्टी व्हाव्यात म्हणून लोकांनी मिळून बोलावे लागते. ज्याच्या हातात लिहिलेला हिशेब असतो, त्याचे बोलणे ऐकावे लागते.

भाव आपल्या हातात नाही. वही आपल्या हातात आहे. ती उघडा. पण त्या वहीत घरातल्या बाईचे ताट आधी लिहा.

प्रश्न

१. दुधाच्या डब्याचा भाव कसा वाढला होता? सासूला तो का दिसला नाही?
२. दूरच्या युद्धामुळे त्रिनिदादमध्ये पीठ का महागले?
३. मोठी पिशवी केव्हा स्वस्त पडते आणि केव्हा महाग पडते?
४. "ही बचत नव्हे," असे सासू का म्हणाली?

हिशेब करा

१. सुसू दहा आठवडे चालला. सुनेने एकूण किती डॉलर भरले? किती उचलले?
२. तुमच्या घरातली तेलाची लहान आणि मोठी पिशवी पाहा. दोन्हींवरचे वजन आणि किंमत लिहा. किलोला काय भाव पडतो ते काढा.

करून पाहा

पंधरा दिवस घरखर्च वहीत लिहा. मग सगळ्यांनी मिळून ती वही वाचा.