हवामानातील बदल आणि शोभिवंत माशांचे वर्तन : निरीक्षण व व्यवस्थापन

कोलकाता-हावडा परिसर आणि चेन्नईतील कोळत्तूर ही आपल्या देशातील शोभिवंत माशांच्या संवर्धनाची व व्यापाराची प्रमुख केंद्रे होत. तेथील अनेक कुटुंबे परसातील सिमेंटच्या टाक्यांत गप्पी, मोली, गुरामी, गोल्डफिश यांसारखे मासे वाढवितात. कोलकात्यात हिवाळ्यात रात्रीचे तापमान १२ ते १५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरते, तर चेन्नईत ऑक्टोबर ते डिसेंबर हा ईशान्य मोसमी पावसाचा काळ असतो. अशा बदलांच्या वेळी माशांचे वागणे प्रथम बदलते आणि मरतुक त्यानंतर दिसते. म्हणून वर्तनाचा अर्थ वेळीच लावता आला, तर नुकसान बऱ्याच अंशी टाळता येते.

तापमान व प्राणवायू

माशांचे शरीर सभोवतालच्या पाण्याच्या तापमानानुसार थंड वा उष्ण होते. पाणी १० अंशांनी तापले, तर त्यांच्या शरीरक्रियांचा वेग व प्राणवायूची गरज साधारणपणे दुप्पट होते. याउलट, तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंशांवरील गोड्या पाण्यात प्रतिलिटर सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांवर तो सुमारे ७.५ मिलिग्रॅमच राहतो. गरज वाढते आणि पुरवठा घटतो. उन्हाळ्यात मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करतात, त्याचे हे कारण होय. गुरामी व फायटर मासे मात्र हवेतूनही श्वास घेत असल्याने, ते अधूनमधून वर येणे हे संकटाचे लक्षण समजू नये.

ढगाळ दिवस व पावसाची रात्र

हिरव्या पाण्याच्या टाकीत शेवाळ व वनस्पतिप्लवंग दिवसा प्रकाशसंश्लेषणाने प्राणवायू निर्माण करतात आणि रात्री स्वतःच तो वापरतात. सलग ढगाळ दिवसांत निर्मिती घटते, वापर मात्र चालूच राहतो. त्यामुळे पहाटे, सूर्योदयापूर्वी, प्राणवायू सर्वांत कमी असतो. खोल टाकीत थंड पावसाचे पाणी वरचा थर गार करते. तो जड होऊन खाली जातो आणि तळाचे प्राणवायूहीन, गाळयुक्त पाणी वर मिसळते. पावसानंतरच्या सकाळी सर्वच मासे एकदम वर आलेले दिसतात ते यामुळे.

पावसाच्या पाण्यात क्षार अत्यल्प असतात. ते मोठ्या प्रमाणात मिसळल्यास पाण्याची विम्लता घटते व सामू दिवसभरात अधिक हेलकावे खातो. पुढे ऊन पडून पाणी तापले आणि सामू वाढला, की अमोनियाचा विषारी अंश वाढतो. सामू ८ असताना २० अंशांवर एकूण अमोनियापैकी सुमारे ४ टक्के भाग विषारी स्वरूपात असतो. ३० अंशांवर तो ७ टक्क्यांहून अधिक होतो.

हवेच्या दाबाचा प्रश्न

पाऊस येण्यापूर्वी मासे अस्वस्थ होतात, हे निरीक्षण जुने आहे. युरोपातील लोच जातीच्या एका माशाला तर याच कारणाने ‘हवामान मासा’ म्हणतात. तथापि मासा पाण्यात १० सेंटिमीटर वर-खाली गेला तरी त्याच्यावरील दाब सुमारे १० हेक्टोपास्कलने बदलतो. नेहमीच्या पावसाळी हवेतील दाबाचा फरक सहसा याहून कमीच असतो. म्हणून अस्वस्थतेचे श्रेय एकट्या दाबाला देण्यापूर्वी तापमान, प्राणवायू व सामू मोजणे श्रेयस्कर. कोरिडोरस माशांच्या प्रजननासाठी पैदासकार पावसाळ्याचे अनुकरण म्हणून थोडे गार पाणी बदलून देतात, हेही येथे लक्षात घ्यावे.

थंडी आणि पांढरे ठिपके

उष्ण कटिबंधातील बहुतेक माशांना २४ ते २८ अंश तापमान मानवते. पाणी अचानक गार झाल्यास ते तळाशी स्थिर राहतात, पर मिटून घेतात व खाद्य नाकारतात. त्यांची प्रतिकारशक्ती मंदावते आणि पांढऱ्या ठिपक्यांचा रोग बळावतो. मासे दगडांवर अंग घासू लागतात. हा परजीवी त्वचेखाली असताना औषधाचा त्यावर परिणाम होत नाही, तो पाण्यात मुक्त असतानाच होतो. म्हणून उपचार पुन्हा पुन्हा करावा लागतो. गोल्डफिश थंडी बरीच सहन करतो. परंतु तापमानातील आकस्मिक चढउतार त्यालाही अपायकारक ठरतो.

लक्षणावरून कारणाकडे

सर्व मासे एकाच वेळी वर येणे हे प्राणवायूच्या कमतरतेचे चिन्ह असते. काही मोजक्याच माशांचे अंग घासणे व ठिपके दिसणे हे रोगाचे. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण फॉर्मॅलिनसारखे औषध पाण्यातील प्राणवायू आणखी कमी करते. धाप लागलेल्या माशांना रोगी समजून ते दिल्यास संपूर्ण टाकी गमावण्याचा धोका असतो. आधी हवा, मग निदान आणि नंतरच औषध, असा क्रम ठेवावा.

व्यवस्थापन

१. पहाटे व दुपारी तापमान आणि माशांचे वर्तन यांची नोंद रोज वहीत करावी.
२. ढगाळ हवामानात खाद्य निम्मे करावे आणि एअर पंप रात्रभर चालू ठेवावा. वीज गेल्यास पाणी भांड्याने उंचावरून ओतून ढवळावे.
३. टाकीवर पत्रा वा प्लास्टिकचे आच्छादन घालावे, तसेच जादा पाणी वाहून जाण्यासाठी निचरा ठेवावा. उन्हाळ्यात शेडनेट वापरावे.
४. पाणी एका वेळी २० ते २५ टक्केच बदलावे. नव्या-जुन्या पाण्यातील तापमानाचा फरक २ अंशांपेक्षा अधिक नसावा.
५. हिवाळ्यात घरातील काचेच्या टाकीस प्रतिलिटर सुमारे १ वॉट क्षमतेचा, तापमान-नियंत्रक असलेला हीटर बसवावा. थंडीत खाद्य कमी द्यावे.

विस्तार कार्यकर्त्यांनी गावभेटीत थर्मामीटर व सामू तपासण्याचा संच सोबत ठेवावा आणि शक्यतो पहाटेच टाक्या पाहाव्यात. दुपारी निरोगी वाटणाऱ्या टाकीतील उणीव त्या वेळीच स्पष्ट दिसते.