पाठलाग राइड घडवणारे हात: थीम पार्क क्षेत्रातील करिअर

पाठलाग राइड म्हणजे प्रवाशाला थेट गोष्टीत ओढणारी राइड. साधा रोलर कोस्टर उंची आणि वेगाच्या जोरावर चालतो. पाठलाग राइडमध्ये त्या वेगाला एक कारण मिळते. गाडीत बसलेला माणूस एक तर कुणाच्या तरी मागे लागलेला असतो, नाही तर त्याच्या मागे कुणी तरी लागलेले असते. १९५५ साली कॅलिफोर्नियात डिस्नेलँड सुरू झाले, तेव्हाच तिथल्या ‘मिस्टर टोड्स वाइल्ड राइड’मध्ये प्रवाशांच्या मागे पोलिसांचा ससेमिरा होता. १९९५ च्या ‘इंडियाना जोन्स अ‍ॅडव्हेंचर’मध्ये अवाढव्य दगडी गोळा अंगावर घरंगळत येतो, तर २००६ मध्ये फ्लोरिडात सुरू झालेल्या ‘एक्स्पिडिशन एव्हरेस्ट’मध्ये हिममानव पाठीशी लागतो. महाराष्ट्रात खोपोलीजवळच्या इमॅजिकामध्ये ‘मिस्टर इंडिया’ चित्रपटावर बेतलेली सिम्युलेटर राइड आहे, आणि ‘अलीबाबा और चालीस चोर’ या राइडमध्ये प्रवासी चालत्या गाडीतून चोरांवर नेम धरतात.

आता दिल्लीकडे वळू. दिल्लीकरांची या क्षेत्राशी ओळख अप्पू घरमुळे झाली. १९८२ च्या आशियाई स्पर्धांचे शुभचिन्ह असलेल्या अप्पू हत्तीचे नाव घेऊन हे उद्यान १९ नोव्हेंबर १९८४ रोजी प्रगती मैदानावर सुरू झाले आणि २००८ मध्ये बंद पडले. पुढे रोहिणीत रिठाला मेट्रो स्थानकाशेजारी अ‍ॅडव्हेंचर आयलंड आणि नोएडाच्या सेक्टर ३८-ए मध्ये वर्ल्ड्स ऑफ वंडर ही उद्याने आली. अक्षरधाम मंदिरातील २००५ पासूनची नौकासफर हीदेखील तंत्राच्या दृष्टीने राइडच आहे: ठरलेल्या मार्गाने संथ जाणारी नाव आणि दोन्ही बाजूंना देखावे. तीन मूर्ती परिसरातील २०२२ च्या प्रधानमंत्री संग्रहालयातही आभासी हेलिकॉप्टर सफर आहे. म्हणजे राइड घडवण्याचे कौशल्य करमणुकीच्या उद्यानांपुरते मर्यादित नाही.

‘मला राइड डिझाइन करायच्या आहेत’ असे मुलाने किंवा मुलीने सांगितले, की घरात पहिला प्रश्न येतो तो पदवीचा. थीम पार्क डिझायनर नावाची एकच सरळ पदवी भारतात रूढ नाही. राइड ही अनेक व्यवसायांची एकत्रित निर्मिती असते. त्यामुळे या क्षेत्रात यायचे तर आधी त्यातला एक व्यवसाय पक्का शिकावा लागतो.

कल्पना आणि गोष्ट

नव्या राइडची सुरुवात कागदावर होते. कोण कुणाचा पाठलाग करतो, प्रवासी कोणत्या बाजूने आहे, अंतर कधी कमी होते आणि सुटका कशी होते, हे चार प्रश्न सुटल्याशिवाय ट्रॅकची रेषही ओढली जात नाही. संपूर्ण सफर तीन-चार मिनिटांची असते. तेवढ्यात संवादांना फारशी जागा नसल्याने गोष्ट एका नजरेत कळावी लागते. म्हणून रांगेचा मार्गच गोष्टीचा पहिला अंक बनवतात. भिंतीवरची पत्रके, तुटलेले दार, कुठून तरी येणारा वायरलेसचा आवाज यांतून प्रवाशाला गाडीत बसण्याआधीच आपली भूमिका समजते.

पाठलागाची खरी कला अंतराच्या खेळात आहे. सतत वेग ठेवला तर भीती बोथट होते. चांगल्या आराखड्यात वेग, अडथळा, क्षणभर शांतता आणि मग अनपेक्षित दिशेने धक्का असा क्रम असतो. अनेकदा वेगाचा केवळ आभास पुरतो. ‘इंडियाना जोन्स’मध्ये दगडी गोळ्यापासून गाडी मागे हटल्यासारखी वाटते, पण प्रत्यक्षात गाडी जागीच असते आणि भोवतालच्या भिंती सरकतात. माणसाचे डोळे आणि कानातले तोल सांभाळणारे इंद्रिय यांची दिशाभूल करणे हा या कामाचा गाभा आहे. या विभागात लेखक, चित्रकार, स्टोरीबोर्ड करणारे, वास्तुरचनाकार आणि औद्योगिक डिझायनर काम करतात.

यंत्र आणि गणित

गोष्ट मंजूर झाली की अभियंत्यांचे काम सुरू होते. शाळेतले भौतिकशास्त्र इथे रोज लागते. घर्षण सोडून दिले तर २० मीटर उंचीवरून सुटलेली गाडी तळाशी ताशी सुमारे ७१ किलोमीटर वेगाने पोहोचते. तिथे २० मीटर त्रिज्येच्या कमानीतून ती पुन्हा वर उचलली, तर प्रवाशाला स्वतःचे वजन तिप्पट जाणवते. म्हणजे ४० किलोच्या मुलाला १२० किलोचा भार. त्रिज्या किती ठेवायची, हा भार किती सेकंद टिकू द्यायचा आणि मान-पाठीला आधार कसा द्यायचा, यावर राइडची सुरक्षितता ठरते.

पाठलाग राइडमध्ये एकाच मार्गावर अनेक गाड्या धावतात. त्यांची टक्कर होऊ नये म्हणून मार्गाचे ब्लॉक पाडतात. एका ब्लॉकमध्ये एका वेळी एकच गाडी. पुढचा ब्लॉक रिकामा झाल्याची खूण सेन्सरकडून मिळाली नाही, तर मागची गाडी आपोआप थांबते. ही व्यवस्था पीएलसी या औद्योगिक नियंत्रकावर चालते. त्यामुळे यांत्रिक अभियंत्याइतकीच इलेक्ट्रिकल, इन्स्ट्रुमेंटेशन आणि मेकॅट्रॉनिक्सच्या अभियंत्यांची गरज असते.

क्षमतेचा हिशेबही याच टप्प्यावर होतो. १६ आसनांची गाडी दर ४० सेकंदांनी सुटली तर तासाला १,४४० प्रवासी होतात. आसनपट्टे तपासण्यात प्रत्येक फेरीला २० सेकंद जास्त गेले, तर हीच संख्या ९६० वर येते. रविवारी दुपारी रांग किती लांबणार, हे अशा वीस सेकंदांवर ठरते. म्हणून गाडीत चढण्याच्या फलाटाची रचना हाही एक स्वतंत्र अभ्यास आहे.

दिल्ली परिसराचे स्वतःचे प्रश्न आहेत. हिवाळ्यातले पाच अंश आणि उन्हाळ्यातले पंचेचाळीस अंश यांच्यामध्ये १०० मीटर लांबीचे पोलाद जवळपास पाच सेंटीमीटर प्रसरण पावते. ट्रॅकच्या सांध्यांना तेवढी मोकळीक द्यावी लागते. दिल्लीचा परिसर भूकंपाच्या दृष्टीनेही जोखमीचा आहे. जानेवारीतले धुके आणि मे महिन्यातली धुळीची वादळे यांचा विचार खुल्या राइडमध्ये करावा लागतो. हवा फार बिघडली की ‘ग्रॅप’ या प्रदूषण-नियंत्रण आराखड्याच्या निर्बंधांखाली बांधकामे थांबतात, म्हणून कामाचे वेळापत्रकही हिवाळा धरून आखावे लागते.

देखावा, प्रकाश आणि आवाज

बंदिस्त पाठलाग राइड नाटकाला जवळची आहे. नेपथ्य, प्रकाशयोजना, ध्वनी, प्रोजेक्शन, वारा, धूर आणि यांत्रिक पुतळे एका घड्याळावर बांधलेले असतात. गाडी अमुक ठिकाणी पोहोचताच दिवा लागतो, गर्जना होते आणि पुतळा झेपावतो. यात अर्ध्या सेकंदाचा उशीर झाला तरी प्रवाशाला पुतळ्याची पाठच दिसते. ‘एक्स्पिडिशन एव्हरेस्ट’मधला अजस्र हिममानव उद्घाटनानंतर लवकरच पूर्ण हालचाल करेनासा झाला आणि पुढे त्याच्यावर दिव्यांची उघडझाप करून हालचालीचा भास निर्माण करण्यात आला. पुतळा बनवतानाच त्याच्या दुरुस्तीचा विचार का करावा लागतो, हे या उदाहरणावरून कळते.

सुरक्षितता आणि देखभाल

सर्वाधिक कायमस्वरूपी नोकऱ्या या विभागात असतात. आराखड्याचे काम दोन-तीन वर्षांत संपते, राइड मात्र वीस-पंचवीस वर्षे चालवायची असते. रोज उद्यान उघडण्यापूर्वी तंत्रज्ञ ट्रॅक तपासतात, बोल्टवरच्या खुणा हलल्या आहेत का ते पाहतात, प्रत्येक आसनाचा लॅप बार म्हणजे मांडीवरचा अडसर ओढून बघतात, रिकाम्या गाडीच्या फेऱ्या घेतात आणि नोंदवहीत सही करतात. ती सही झाल्याशिवाय पहिला प्रवासी बसत नाही.

ही शिस्त सुटली तर काय होते, हे देशाने पाहिले आहे. जुलै २०१९ मध्ये अहमदाबादच्या कांकरिया तलावाजवळ राइड कोसळून दोन जणांचा मृत्यू झाला. एप्रिल २०२५ मध्ये दिल्लीच्या कापसहेडा भागातील उद्यानात रोलर कोस्टरवरून पडून एका तरुणीने प्राण गमावले. राइडची रचना, वापर आणि तपासणी यांसाठी आयएसओ १७८४२ ही आंतरराष्ट्रीय मानकमालिका आहे. भारतात मानके ठरवणाऱ्या भारतीय मानक ब्यूरोचे मुख्यालय दिल्लीतच बहादूर शाह जफर मार्गावर आहे. मानके वाचून ती कामात उतरवू शकणारा सुरक्षा अभियंता किंवा तपासनीस ही या क्षेत्रातली फारशी चर्चेत नसलेली, पण भक्कम वाट आहे.

प्रसिद्धी

नवी राइड उभी राहण्याच्या बरीच आधी तिची प्रसिद्धी सुरू होते. प्रथम संकल्पचित्र, मग नाव आणि बोधचिन्ह, नंतर बांधकामाची झलक, चाचणी फेऱ्यांचे व्हिडिओ, मर्यादित प्रवेश आणि शेवटी उद्घाटन. किती दाखवायचे आणि किती झाकून ठेवायचे, हा पाठलाग राइडच्या प्रसिद्धीतला कळीचा निर्णय असतो. शेवटचा धक्का जाहिरातीतच फोडला, तर राइडमधली गंमत जाते.

दिल्ली परिसरात ग्राहकांचे गट वेगवेगळे आहेत. आठवड्याच्या मधल्या दिवसांत शाळांच्या सहली, शनिवार-रविवारी कुटुंबे आणि महाविद्यालयीन मुले, मे-जूनच्या सुटीत बाहेरगावचे पाहुणे. प्रत्येकाशी बोलण्याची भाषा वेगळी. शाळेच्या मुख्याध्यापकांना सुरक्षिततेची कागदपत्रे आणि बसची जागा महत्त्वाची वाटते, तरुणांना व्हिडिओ, आणि पालकांना मेट्रोचे अंतर व तिकीट.

इथेही कायदा पाळावा लागतो. ‘भारतातील सर्वात वेगवान’ असा दावा केला तर त्याचा पुरावा हाताशी हवा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तोच गुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. इन्फ्लुएन्सरने पैसे घेऊन प्रचार केला असेल तर तसे स्पष्ट सांगणे बंधनकारक आहे. उंची, वय आणि आजारपणाविषयीच्या अटी जाहिरातीत आणि तिकीट खिडकीवर ठळक असणे, हे प्रसिद्धी विभागाचेच काम. दोन तास प्रवास करून आलेल्या मुलाला उंचीच्या पट्टीपाशी परत पाठवावे लागले, तर त्या कुटुंबापुरती सगळी जाहिरात वाया जाते.

कोणता अभ्यासक्रम निवडावा

रेखाटन आणि वस्तुरचनेची आवड असणाऱ्यांसाठी बी.डेस. या डिझाइनच्या पदवीची वाट आहे. आयआयटी मुंबई घेत असलेली यूसीड परीक्षा बारावीच्या कोणत्याही शाखेतून देता येते आणि तिच्या गुणांवर मुंबई, दिल्ली, गुवाहाटी, हैदराबाद आदी आयआयटींमध्ये प्रवेश मिळतो. नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनची (एनआयडी) प्रवेशपरीक्षा वेगळी असून दिल्लीहून जवळचे केंद्र कुरुक्षेत्र येथे आहे. वास्तुरचनेसाठी दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरचा पर्याय असून तिथे जेईई मेनच्या आर्किटेक्चर पेपरवर प्रवेश होतो.

यंत्राची ओढ असेल तर यांत्रिक, इलेक्ट्रिकल, इन्स्ट्रुमेंटेशन किंवा स्थापत्य अभियांत्रिकी घ्यावी. दिल्ली टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटी आणि नेताजी सुभाष युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजी इथे जेईई मेनवर प्रवेश मिळतो. या संस्थांत ८५ टक्के जागा दिल्ली विभागासाठी असतात, आणि विभाग ठरतो तो बारावी कुठल्या शाळेतून केली त्यावर. नोएडा किंवा गुरुग्राममधल्या शाळेतून बारावी झालेला विद्यार्थी दिल्लीबाहेरचा धरला जातो. दिल्ली आणि लगतच्या शहरांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी अकरावीला शाळा निवडतानाच हे लक्षात घ्यावे. दहावीनंतर पॉलिटेक्निकची पदविका किंवा आयटीआयमधील फिटर, इलेक्ट्रिशियन हे व्यवसाय निवडूनही राइड तंत्रज्ञ होता येते आणि पदविकेनंतर पदवीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेण्याची सोय असते.

नेपथ्य आणि प्रकाशयोजनेसाठी मंडी हाउसजवळची राष्ट्रीय नाट्य विद्यालय ही संस्था आहे. तिचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम पदवीनंतरचा असून नाटकात काम केल्याचा अनुभव लागतो. प्रसिद्धीच्या वाटेसाठी दिल्लीतील इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मास कम्युनिकेशनचा (आयआयएमसी) जाहिरात व जनसंपर्क अभ्यासक्रम, जामिया मिलिया इस्लामियातील मास कम्युनिकेशन रिसर्च सेंटर आणि अहमदाबादची मायका या संस्थांचा विचार करता येईल.

पदवी कोणतीही असो, कामाचा संग्रह हवाच. नोलिमिट्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये आखलेला ट्रॅक, पुठ्ठा-तारेचे प्रमाणबद्ध मॉडेल, एखाद्या अस्तित्वात असलेल्या राइडच्या रांगेचे घड्याळ लावून केलेले निरीक्षण आणि त्यावर सुचवलेली सुधारणा, असे दोन-तीन प्रकल्प मुलाखतीत गुणपत्रिकेइतकेच बोलतात.

पालकांनी ध्यानात ठेवायच्या गोष्टी

भारतात मोठी उद्याने मोजकी आहेत आणि दरवर्षी नवी राइड काढणारी तर त्याहून कमी. अनेक मोठ्या राइड परदेशी कंपन्यांकडून येतात. वंडरलासारखी स्वतःच्या कार्यशाळेत राइड बनवणारी कंपनी विरळाच. म्हणून केवळ ‘थीम पार्क डिझाइन’ असे नाव देऊन मोठी फी मागणाऱ्या अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमाकडे सावधपणे पाहावे. मान्यता कुणाची, शिकवणाऱ्यांनी प्रत्यक्ष कोणत्या राइडवर काम केले आणि मागच्या तुकडीतले विद्यार्थी आज कुठे आहेत, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय पैसे भरू नयेत.

मूळ पदवी भक्कम असेल तर जोखीम कमी होते. राइडची नियंत्रणप्रणाली समजणारा अभियंता मेट्रो, लिफ्ट आणि कारखान्यांत काम करू शकतो. देखावे उभारणाऱ्याला संग्रहालये, प्रदर्शने आणि चित्रपटसृष्टी खुली असते. प्रसिद्धी शिकलेल्याला पर्यटन आणि क्रीडा क्षेत्र आहे. मुलाने किंवा मुलीने पाठलाग राइडचे स्वप्न जरूर बाळगावे. पालकांनी त्या स्वप्नाखाली एक पूर्ण, मान्यताप्राप्त व्यवसायशिक्षण उभे आहे एवढे पाहावे आणि अकरावीच्या प्रवेशाआधी घरात बसून त्या व्यवसायाचे नाव एकदा नक्की करावे.